आधी किल्ली, मग भरीत

नाना गेल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला. जळगावहून पहूरला लगेच निघायचं म्हणून मी भाड्याची गाडी बोलावली. बायको मागे बसली; मी मात्र पुढचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं आणि कान देऊन आवाज ऐकला. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, विकायची नाहीये." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करतोय... आणि तिथेच, भर रस्त्यात, मला रडू फुटलं. दाराच्या आवाजावरून गाडीची तब्येत ओळखायची ही विद्या मला नानांनीच शिकवली होती.

आज महिना होत आला. नाना म्हणजे माझे चुलते. पहूरला केळी आणि कापूस, स्वभाव सावध. साधा पंप घ्यायचा तर चार गावचे पंप पाहून येणारा माणूस. त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला मनात घेतलं की घराला चारचाकी हवी. जीप नको, जीपमध्ये बाईमाणूस बसत नाही, आदळतं, असं त्यांचं मत. डिकीवाली, मधल्या अंगाची, जुनी चालेल पण भरवशाची. 'भरवशाची' हा शब्द ते थांबून उच्चारत, आणि त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकूचं माहेर साक्रीचं. बसमध्ये तिला जळगाव यायच्या आतच उलट्या सुरू होत. तिचे वडील वारले तेव्हा नानांनी स्वतः पसंत करून भाड्याची गाडी आणली, आणि ती पारोळ्याच्या अलीकडे जी बसली ती बसलीच. काकू पोचली तेव्हा चिता पेटून गेली होती. बापाचं शेवटचं तोंड तिला दिसलं नाही. काकू त्यावर नानांना एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं नाना मला एकदा म्हणाले होते.

तर शोध सुरू झाला. लायसन्स एकट्या माझ्याकडे, त्यामुळे मीही त्यात अडकलो. पहिला वाद पेट्रोल की डिझेल. डिझेल आवाज करतं, पेट्रोल महाग. जळगावच्या दलालाला नानांनी मधला मार्ग सुचवला. "पेट्रोलवर सुरू करा अन् मंग रॉकेलवर चालवा. आमचं मळ्यातलं इंजिन तसंच चालते. ह्या गाडीले काय धाड भरली?" दलालाने हात जोडले.

पण नानांची खरी परीक्षा वेगळीच होती. गाडी पाहायची ती हिवाळ्यातच, आणि मळ्यातच. मालकाने गाडी घेऊन जळगावला यायचं. तिच्यात आम्ही सहा माणसं, वांग्यांचं पोतं आणि लोखंडी कढई कोंबायची आणि पहूरचा मळा गाठायचा. तिथे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, काकूने हिरव्या मिरच्या घालून भरीत करायचं, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर मालकाला पोटभर वाढायचं. "पोटात भरीत गेलं का मानूस खरं बोलते," हा नानांचा सिद्धांत. आणि तो खोटा नव्हता! तिसऱ्या भाकरीला मालक हमखास विरघळायचा. एकाने सांगितलं, गाडी चढावर तापते. दुसऱ्याने डोळे पुसत कबूल केलं की ती एकदा नाल्यात पडली होती. नाना त्याला आणखी भरीत वाढायला लावत, प्रेमाने निरोप देत, आणि गाडी नाकारत.

असे चार हिवाळे गेले. गाडी काही दारात येईना. जळगावात मात्र बोभाटा झाला. लोक नुसतं भरीत खायला गाड्या दाखवायला आणू लागले. एका गृहस्थाने तर मेव्हण्याची गाडी आणली, दोनदा वाढून घेतलं आणि मग सांगितलं की मेव्हण्याला यातलं काहीच माहीत नाही. काकू चुलीपुढे बसून हे सगळं बघत होती. तेवढ्यात साक्रीहून पत्र आलं, आईने अंथरूण धरलंय. काकू नानांना एवढंच म्हणाली, "मनी माय वाट देखी ऱ्हायनी. बठ्ठा लोक जेवाले येतस, तुमनी गाडी येत नही."

त्याच आठवड्यात धुळ्याचे एक निवृत्त मास्तर आपली गाडी घेऊन आले. मळ्यात वांगी भाजली, फोडणी बसली, वास सुटला. मास्तर ताट पुढे ओढून बसले आणि काकू कढईवर झाकण ठेवून उभी राहिली. "पह्यले किल्ली द्या. मंग भरीत." नाना उठायला लागले तर तिने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. नाना बसले. मास्तर भुकेले होते. किल्ली काकूच्या हातात पडली. मग तिने वाढलं. तिसऱ्या भाकरीला मास्तर गहिवरले आणि म्हणाले, "नाना, एक गोष्ट सांगायची राहिली..." काकू म्हणाली, "आते काही सांगू नका. जेवा." ती गोष्ट मास्तरांच्या पोटात राहिली ती राहिलीच.

तिसऱ्याच दिवशी आम्ही साक्रीला निघालो. नाना माझ्या शेजारी, पण तोंड सारखं मागे. मला वाटलं, मागे धूर निघतो का बघताहेत. वाटेत चहाला थांबलो तर पाय मोकळे करायला म्हणून टपरीमागे गेले, हातात दशम्यांची पुरचुंडी घेऊन. गाडी कुठेही थांबली नाही. आईने लेकीचे हात धरले, आणि पुढे वीस दिवसांनी ती गेली तेव्हा काकू उशाशी होती. त्यानंतर गाडीने साक्रीच्या किती खेपा केल्या, मोजल्या नाहीत.

नानांच्या तेराव्यानंतर जळगावचा टॅक्सीवाला युसूफभाई भेटायला आला. मग मला म्हणाला, "साक्रीला जाताना मी तुमच्या मागे असायचो. रिकामी गाडी घेऊन. नाना म्हणत, आमची बंद पडली तर सहज आल्यासारखा ये. बाईले कळू देऊ नको."

"पहिल्या खेपेला?" मी विचारलं.

"दर खेपेला. एकदाही काम पडलं नाही."

मी काकूकडे पाहिलं. ती पदराने कपाळ पुसत होती. "माले माहीत व्हतं," ती म्हणाली. "म्हनीसन तं दर खेपले चार दशम्या जास्ती बांधू."

परवा मी काकूला त्याच गाडीतून तिच्या भावाकडे साक्रीला नेलं. एरंडोल मागे पडल्यावर तिने वळून बघितलं. मागे एक ट्रक होता, तोही पुढे आडवाटेला लागला. काकूने मांडीवरची पुरचुंडी सोडली आणि माझ्यापुढे धरली. "आते तूच खाय," ती म्हणाली. मी गाडी कडेला घेतली. भूक नव्हती, पण चारही खाल्ल्या.