खालचीचा बैल

बसची कंडक्टरकी अठ्ठावीस वर्षं केली. त्यात माझा गळा आणि माझा राग दोन्ही पक्के झाले. रिटायर झाले आणि औंढ्याच्या पलीकडं, जिथून सिद्धेश्वरचं पाणी दिसतं त्या डोंगरावर कायमची राहायला गेले. जागा नवऱ्यानं घेऊन ठेवलेली, तो जाऊन चार वर्षं झालेली. दोन खोल्या, वर पत्रे, भोवती दीड एकर मुरमाड. पूर्वी आम्ही सुट्टीला जायचो, वारा खायचो, चहा पिऊन परत यायचो. डोंगर तेवढाच माहीत. लेकीनं विचारलं, "आई, तिथं एकटी काय करशील?" मी म्हणाले, "भांडीन." मस्करीच केली होती.

डोंगरावर दुसरं घर एकच, माझ्या खालच्या टप्प्यावर. तिथं एक विधवा बाई राहायची, माझ्याच वयाची, काटक, तंबाखूची मिश्री लावणारी. स्वतः औत हाणायची. गावातले म्हणायचे, बाईनं औत हाणू न्हाई. ती म्हणायची, "मंग या की तुमी हाणायला." कोणी यायचं नाही. मी तिला खालची म्हणायचे, ती मला कंडक्टरीण. आमच्या चढावर ट्रॅक्टर येत नाही, उलटतो. म्हणून तिची बैलजोडी हेच तिचं सगळं. जोडी आहे तोवर जमीन पिकते. जमीन पडीक पडली की भावाच्या दारात जाऊन वहिनीची भांडी घासायची. पहिल्याच आठवड्यात ताक देता देता तिनं हे मला सांगितलं आणि वर म्हणाली, "त्यापेक्षा हिरीत उडी बरी."

ताक पिऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच तिनं धुरा पेटवला. पेरणीआधी बांधावरचं वाळलं गवत जाळायची इथली रीत. त्या दिवशी वारा डोंगर चढत होता. जाळ गवतावरून थेट माझ्या आंब्याच्या रोपांवर आला. अकरा रोपं, हंड्यानं पाणी घालून जगवलेली, डोळ्यांदेखत चरचर जळाली. मी काठी घेऊन खाली उतरले आणि तिच्या दंडावर दोन हाणल्या. तिनं माझा हात धरला आणि कचकन चावली. शिव्या तर अशा दिल्या की बसमधले दारुडेसुद्धा लाजतील. दातांच्या खुणा महिनाभर होत्या.

पावसाळ्यात पाळी माझी. डोंगरावरचं पाणी माझ्या भिंतीला लागायला लागलं, पाया उघडा पडला. मी टिकाव घेतला आणि चर खणून पाणी दुसरीकडं वळवलं. दुसरीकडं म्हणजे कुठं, याचा विचार केला नाही. डोंगरावर पाणी वळवलं की ते कोणाच्या तरी डोक्यावरच जातं. तिच्या सोयाबीनची तीन तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, मुळासकट धुऊन गेली. ती भर पावसात वर आली आणि गोटा उचलून मारला. माझं कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त. मी खाली बसले तशी ती घाबरली. हळद भरली, पदर फाडून बांधला, आणि मला पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत उतरली. औंढ्याला चार टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? मी म्हणाले, घसरले. ती बाजूला उभी राहून म्हणाली, "लई चिखल हाय आमच्याकडं."

त्या दिवसापासून आमचं जमलं. भांडणं थांबली असं नाही, पण भांडून झालं की ती जेवायला थांबायची. दिवाळीआधी तिनं माझं रान नांगरून दिलं, हरभरा पेरून दिला. बैलांच्या पाठीवर हात कसा ठेवायचा, शेपटी कधी पिरगाळायची नाही, हे शिकवलं. एक बैल पांढरा, शांत. दुसरा तांबडा, तापट. "ह्यो तुझ्यावर गेलाय," ती तांबड्याकडं बोट दाखवून म्हणायची.

थंडीत रानडुकरं आली. हरभरा घाट्यावर आला की येतात. एका फेरीत कोपराच कोपरा उखडून ठेवायची. एक डुक्कर दिवसाढवळ्या माझ्या कुत्रीच्या अंगावर आलं. तिचं पोट फाडलं आणि आतडं ओढत तसंच धावलं. कुत्री माझ्या मांडीवर मेली. मग माझं डोकं फिरलं. मी शेताभोवती तार ओढली आणि बोअरच्या स्टार्टरमधून तिच्यात करंट सोडला. हा गुन्हा आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि आमच्या पट्ट्यात बरेच जण करतात. खालची म्हणाली, "नको गं बाई. मानूस मरंल." मी ऐकलं नाही. तेव्हा तिनं अट घातली. तार जोडली की वरून हाक द्यायची, काढली की पुन्हा द्यायची. इथं जो तार सोडतो त्यानं अशी हाक द्यायचीच असते. मी म्हणाले, "हाकेचं मला शिकवतीस काय? अख्खी बस हलवली मी या आवाजानं."

शेतीची लाईन आमच्याकडं एक आठवडा रात्री असते, एक आठवडा दिवसा. रात्रीच्या आठवड्यात मी दिवस बुडायला तार जोडायचे आणि "तार चालूऽ" ओरडायचे. सकाळी स्टार्टरला अडकवलेला तारेचा आकडा काढून "तार बंदऽ". ती खालून हात हलवायची आणि मग बैल सोडायची, कारण तिच्या बैलांची पाण्याची वाट माझ्या बांधाला लागूनच जायची. महिनाभर बराबर चाललं.

एक दिवस सकाळी उठले तर लाईन गेलेली. त्या दिवशी जवळा बाजारचा बाजार. जीप चुकेल म्हणून माझी घाई. आकडा काढायला घरामागं बोअरपर्यंत जायचं होतं, तेवढा कंटाळा केला. लाईनच नाही तर तार कशाची चालू? बांधावर उभी राहिले आणि नेहमीसारखी ओरडले, "तार बंदऽऽ!" तिनं हात हलवला. मी गेले.

रात्रीची पाळी त्याच दिवशी संपत होती आणि दिवसाची सुरू होत होती. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून डोक्यात आलं नाही. दहाला लाईन आली.

दुपारी पिशवी घेऊन चढत होते तर वरून तांबड्याचं हंबरणं ऐकू आलं. बैल तसं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. पांढरा बैल माझ्या बांधावर पडला होता. पाय ताठ, जीभ दातांत, गळ्याखाली तार रुतलेली, जळक्या कातड्याचा वास. गावातल्या दोघा-तिघांनी डीपीवरून लाईन तोडली होती. त्याआधी तिनं दावं धरून बैलाला ओढायला बघितलं, तेव्हा ती स्वतः चार हात लांब फेकली गेली होती. कोपर सोललेलं, लुगडं मातीनं भरलेलं. ती बैलाच्या डोक्याशी बसली होती.

"कंडक्टरीण, तू बंद म्हणलीस ना?"

"व्हय."

"मंग?"

मी तिच्या पायाशी बसले, म्हणाले, "मार मला. गोटा घे, काठी घे, काय पायजे ते घे." मला खरंच वाटत होतं तिनं मारावं. तिनं हात उचलला नाही. पोलिसात गेली असती तर मी आत गेले असते. तिथंही गेली नाही. खड्डा खणायला मात्र मला बोलावलं. मुरमात सहा फूट खणताना माझे तळहात फुटले, आणि ती काठावर उभी राहून म्हणत राहिली, "अजून खोल. कुत्री उकरतील."

मी पैसे पुढं केले. ती म्हणाली, "बैल काय तिकीट हाय व्हय, फाटलं की दुसरं?" मग मी तिला न विचारता हट्ट्याहून बैल आणला, चांगला, तरणा. तांबड्यानं त्याला जवळ येऊ दिलं नाही. पहिल्याच दिवशी जुवाखाली मान घालता घालता त्याच्या बरगडीत शिंग घातलं. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली. बैल वाचला, पण परत पाठवावा लागला. एकट्याला जुंपलं तर तांबडा खाली बसायचा. मारलं तरी उठायचा नाही, डोळ्यांतून पाणी गाळायचा. भाड्याची जोडी आमच्या चढावर कोणी पाठवेना. उन्हाळा असा गेला. तिचा भाऊ एकदा येऊन गेला. तो काय म्हणाला ते तिनं सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्या दारात दोन पोती बांधून ठेवलेली दिसली. एकात भांडी होती.

पाऊस पडून रान वाफशावर, म्हणजे पेरण्याजोग्या ओलीवर, आलं त्या सकाळी मी खाली गेले. तिची दुफण, म्हणजे दोन दातांची पेरायची लहान तिफण, गोठ्यात उभी होती. मी दुफणीला दोरखंड बांधला, दोन्ही टोकं खांद्यावरून घेतली आणि म्हणाले, "चल. धर रुमणं."

"येडी झालीस का? साठीला आलीस."

"धर म्हणते ना!"

तिनं दुफणीची मूठ धरली. एक तास, बांधापासून बांधापर्यंत, मी ओढलं. दुसऱ्या तासाच्या मध्यावर खांदा फाटल्यासारखा झाला, पाय घसरला आणि मी तोंडावर पडले. तोंडात माती, दातातून रक्त. वाटलं, बास झालं, मरू दे. तशीच पडून राहिले.

पाठीवर फटका बसला. कासऱ्याचा, सगळ्या ताकदीचा. पोलकं फाटलं असावं, कातडं तर फाटलंच. मी किंचाळले आणि मान वळवली. ती कासरा हातात घेऊन उभी होती आणि हमसून हमसून रडत होती. बैल गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"ऊठ," ती म्हणाली. "वाफसा चाललाय."

मी उठले.