सनईची रिंगटोन

काल भाजीबाजारात कुणाच्या तरी मोबाइलवर ती सनईची रिंगटोन वाजली आणि मला सिडकोतलं आमचं पहिलं घर आठवलं. गंगापूर रोडचा बंगला, गाड्या, द्राक्षांचा एक्स्पोर्ट, सगळं गमावून एक कुटुंब शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आलं होतं. नवरा, बायको आणि कॉलेजातली मुलगी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांचा गॅस अजून लागला नसेल, चहा देऊन ये." बघायची उत्सुकता मलाही होतीच. बाई ओट्यापाशी खोकी सोडत होत्या, साहेब मधल्या दारात पाठ करून खुर्चीवर बसले होते. मी किटली ठेवते तोच ओट्यावर सनई वाजली. बाईंनी फोन उचलला. "चहा आलाय का?" हा साहेबांचा प्रश्न मला दोनदा ऐकू आला, एकदा खुर्चीतून आणि एकदा फोनमधून. "आलाय," बाईसुद्धा फोनमध्येच म्हणाल्या. मी बघतच राहिले. मुलगी ओशाळून म्हणाली, "बंगल्यात आम्ही असंच बोलायचो. तिघांचे तीन मजले होते ना." पुढे कितीतरी दिवस माझा कान भिंतीकडे असायचा आणि पलीकडे सनई वाजतच राहायची. मग एका संध्याकाळी साहेब ओरडले, "अगं ए, मीठ किती घातलंयस!" बाईंचाही आवाज चढला, "मग उद्यापासून तुम्हीच करा!" सासूबाई भाकरी थापता थापता हसल्या, "चला, मांडला एकदाचा संसार यांनी." काल घरी येऊन स्वयंपाक केला, आतल्या खोलीतल्या मुलाला नेहमीसारखा 'जेवायला ये' असा मेसेज टाइप केला, पुसून टाकला आणि मोठ्यांदा ओरडले, "अरे ए, ताट वाढलंय!"