राऊत सर पेशंटला कुठं कुठं नेतात

कॅज्युअल्टीत किस्से जमवावे लागत नाहीत. अॅप्रनच्या खिशात पेनाची टोपणं आणि चिकटपट्टीचे तुकडे साठतात, तसे ते आपोआप साठतात. त्यात आमचे राऊत सर संमोहन शिकून आले! भूल देणारे डॉक्टर यवतमाळहून येईपर्यंत पेशंटनं नुसतं विव्हळत का पडावं, एवढाच त्यांचा सवाल. ते कानाशी हळू बोलायला लागले की पंख्याची घरघरसुद्धा अंगाईसारखी वाटते. मी सिस्टर, ट्रे धरून उभी, मलाही जांभया!

सुरुवातीला सर पुस्तकात होतं तसंच म्हणायचे. एका आजीबाईंचा पाय मोडलेला. सर म्हणाले, "आजी, तुम्ही समुद्रात उभ्या आहात, लाटा येतायत..."

आजी किंचाळल्या, "मले भायेर काढा ना बाप्पा! मले पोहता नाई येत!"

तेव्हापासून सर आधी विचारतात, "कुठं जायचं?"

एसटीचे एक ड्रायव्हर खांदा निखळून आले. त्यांना दुसरं कुठं जायचंच नव्हतं, गाडीवरच बसायचं होतं. डोळे मिटले, चेहरा सैल पडला. सरांनी हात धरला, तर म्हणतात, "अजून आर्णी नाई आली साहेब. मधात गाडी थांबवत नसतो मी!"

आम्ही थांबलो. खिडकीतून ऊन येत होतं. पाचेक मिनिटांनी ते पुटपुटले, "आली आर्णी." सरांनी हात ओढला आणि खांदा जागेवर बसला.

एका ताईंच्या पायाला विळा लागलेला. सर सांगतायत, "डोळे जड होतायत, जड होतायत..." ताई टक्क जाग्या! मागे धप्पकन आवाज झाला. त्यांचे यजमान स्टुलावरून घसरून जमिनीवर घोरत होते.

ताई म्हणाल्या, "याले कायले झोपवता? टाके मले हायेत ना!"

दुसऱ्या एक मावशी मात्र थेट कापसाच्या शेतात गेल्या. डाव्या हाताला आम्ही टाके घालतोय आणि उजवा हात चादरीवरून कापूस वेचतोय, इतका अलगद की बघतच राहावं. टाके संपले. सर म्हणाले, "या परत."

"पात पुरी होऊ द्या," मावशी म्हणाल्या. मग त्यांची ओळ वेचून होईपर्यंत आम्ही उभे!

आणि एकदा सरच पेशंट झाले. गाडीला रानडुक्कर आडवं आलं आणि मनगट मोडलं. बोटं गार पडत चाललेली. हाड लगेच ओढून बसवलं नाही, तर हात कायमचा अधू होईल अशी भीती. नव्या डॉक्टर मॅडम ओढायला तयार होत्या, भूलवाले रस्त्यात.

"सिस्टर, तुम्ही बोला," सर म्हणाले.

कुठं नेणार मी यांना? तोंडात आलं ते आमचं शेत. बाबा गेल्यापासून मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या शेवटच्या घडीला मी ड्यूटीवर होते, ते मला अजून सलतं. तरी बोलत गेले. शेताकडे जाणाऱ्या पांदणीची मऊ धूळ. तुरीची पिवळी फुलं. पुढे बोरीचं झाड, मग विहीर. सरांचा श्वास संथ झाला. मॅडमनी मनगट ओढलं, सरांची पापणीसुद्धा हलली नाही. बोटं पुन्हा लाल झाली तेव्हा मला रडूच आलं.

"या सर परत," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसले.

"छान आहे हो शेत. विहिरीवर एक म्हातारेबुवा बसले होते. मला विचारत होते, 'बेबी कवा येऊन राह्यली?' ही बेबी कोण?"

दवाखान्यात मला सगळे सिस्टर म्हणतात. बेबी म्हणणारे एकटे बाबाच होते.

मी प्लास्टर भिजवायला घेतलं.