डिक्कीवरची अक्षरं

गेल्या थंडीत आमच्या अंगणात एक बसकी, दोन दारांची, पांढरी गाडी येऊन उभी राहिली. पोरगा तिला स्पोर्ट्स कार म्हणतो. तिच्यात माणूस बसत नाही, खड्ड्यात उतरावं तसा उतरतो. मला तिच्यात बसायचं नव्हतंच. मी अंगणात बाजेवर बसून तिची पाठ बघत होते.

पोरगा गंगाखेडला गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. पुढं गॅरेज, मागं घर. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. पण तीस वर्षं गाड्यांच्या पाठी बघून कंपन्यांची अक्षरं ओळखू येतात. या गाडीच्या डिक्कीवरची अक्षरंही मला ओळखीची होती. शाळेच्या व्हॅनवर असतात तीच.

"तीच काढायचीत, मावशी," एजन्सीचा मालक म्हणाला. परभणीला त्याची गाड्यांची एजन्सी आहे. पोरगा त्याचं काम पहिल्यापासून करत आला. "ही गाडी आता वेगळी झाली."

"वाटणी झाली का?"

"वाटणी न्हाई. कंपनी तीच, कारखाना तोच. पर ह्या गाडीचं नाव आता स्वतंत्र. दुकान स्वतंत्र, बोर्ड स्वतंत्र, दार स्वतंत्र. त्या दुकानात आमच्या पोरांनी मोठ्या कंपनीचं नाव तोंडातून काढायचं न्हाई, असं लेखी आलंय."

"का बरं? काय वाईट केलं तिनं?"

"वाईट काय करती? व्हॅनबी तीच काढती, काळीपिवळीबी तीच. आता एवढी महागाची गाडी घेणारा म्हणतो, माझ्या गाडीवर अन् माझ्या दूधवाल्याच्या गाडीवर एकच निशाणी असंल तर मी घेतलं काय?"

"म्हणजे लेकीला मायची लाज वाटायलीय."

मालक हसला आणि पोराला म्हणाला, "कंपनीची म्याडम यील तेव्हा मायला घरात बसव बाबा."

ती मॅडम येणार होती म्हणूनच सगळी घाई होती. ही गाडी दोन वर्षं एजन्सीच्या दारात दाखवायला म्हणून उन्हात उभी होती. नव्या दुकानात हीच पहिली उभी राहणार होती. तिच्यावर जुन्या नावाची खूण दिसली तर दुकान नांदेडला जाणार, असं मालकाला बजावलेलं. आणि मालकानं पोराला बजावलं, "साफ निघालं तर दोन्ही दुकानांचं काम तुझ्याकडं. न्हाई तर मला संभाजीनगरचा माणूस बघावा लागंल. राग मानू नको."

पोरानं राग मानला नाही. मान खाली घातली. परभणीत आता भट्टी लावून रंग मारणारे आलेत. त्याच्याकडची दोन माणसं तिकडं गेली. हे काम हातचं गेलं असतं तर गॅरेजला कुलूप लावून, पंचावन्नाव्या वर्षी कुणाच्या तरी हाताखाली फडकं मारायला जावं लागलं असतं. हे त्यानं मला सांगितलं नाही. जेवताना भाकरी अर्धी ठेवायला लागला, त्यावरून मला कळलं.

अक्षरं काढायची रीत सोपी आहे. शेजारच्या पार्लरमधून केस वाळवायचं मशीन मागून आणलं, त्यानं अक्षरं गरम केली आणि गोधडीचा दुहेरी दोरा अक्षरांच्या मागं घालून दोघांनी दोन टोकांनी ओढला. साबणाची लादी कापतात तसा. एक टोक माझ्या हातात होतं. एकेक अक्षर हातात येत गेलं. शेवटचं निघालं आणि आम्ही दोघं बघत राहिलो.

अक्षरं निघाली होती आणि खाली अक्षरं होती.

तीही लाल कडांची. एजन्सीत ती गाडी दुकानाकडं पाठ करून उभी असायची. दर शुक्रवारी आणि दसऱ्याला पूजा व्हायची. पूजा करणाऱ्याला टिळ्याला कपाळ लागतं. गाडीला कपाळ कुठलं? म्हणून पाठीवरच्या नावालाच हळदकुंकू लावायचे. वर पाऊस पडायचा, कुंकू अक्षरांच्या कडेनं आत उतरायचं, वर ऊन तापायचं. दोन वर्षांत ते रंगात मुरलं. दसऱ्याला कुंकू भरून कोहळा कापून ठेवल्यासारखी ती डिक्की दिसत होती.

"आयला," पोरगा म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "पूजा करा म्हणून मीच सांगितलं होतं त्यांना. नवी गाडी हाय, नजर लागंल म्हणून."

मी दोरा गुंडाळायला लागले. मी घाबरट बाई नाही. राणीसावरगावच्या शेतात एकटीनं रात्रीचं पाणी दिलंय. पण त्या अक्षरांकडं मला बघवेना, आणि का बघवेना हे सांगितलं पाहिजे.

मी दुसरेपणाची. माझ्या नवऱ्याची पहिली बायको बाळंतपणात गेली. पोर जगलं. तोच हा पोरगा. मी आले तेव्हा आठ महिन्यांचा होता, शेळीच्या दुधावर. लग्नात नवरीचं नवं नाव ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहितात. माझ्या ताटात लिहायची वेळ आली तेव्हा सासू म्हणाली, "नवं कशाला? घराला सवय हाय तेच राहू द्या." आणि तांदळात गेलेल्या बाईचं नाव लिहिलं. कुणी काही बोललं नाही. माझा बापही बोलला नाही. त्याला आणखी दोन मुली उजवायच्या होत्या.

त्याच दिवशी गळ्यात सवतीचा टाक घातला. चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती. नवी साडी आली की आधी टाकाला दाखवायची, मग नेसायची. सणाला पहिला घास तिचा. ताप आला तर सासू विचारायची, "तिचं काही राहिलं का बघ." हे सगळीकडं करतात, मीही केलं. त्यात मला काही वाटलं नाही.

वाटायचं ते हाकेचं. नवरा शेतातून येऊन अंगणातून नाव घ्यायचा. कधी ते माझ्यासाठी असायचं, कधी नाही. आवाजावरून मला कळायचं. नाही तेव्हाही मी 'ओ' द्यायची, कारण दुसरं कुणी देणारं नव्हतं. मग तो माझ्याकडं बघायचा आणि काय पाहिजे होतं ते विसरायचा. असं पुष्कळ वर्षं झालं. मला ती कधी दिसली नाही. घरात पावलं वाजली, भांडं पडलं, असलं काही मी सांगणार नाही, कारण झालं नाही. पण हाक आल्यावर माझ्याआधी कुणीतरी उठतं आणि मग मी उठते, हे मला रोज जाणवायचं.

शाळेच्या दाखल्यात पोराच्या आईचं नाव लिहिलंय. ते कुणाचं, कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही. माझं पहिलं नाव घेऊन मला हाक मारणारा शेवटचा माझा थोरला भाऊ होता. तो गेला. आता ते नाव कुणाच्या तोंडात नाही.

पोरानं चार दिवस ती डिक्की घासली. रंग पुन्हा मारायचा नव्हता. तो मोत्यासारखा रंग कारखान्यातच चढतो, इथं मारला तर फरक दिसतो. म्हणून नुसतं पॉलिश. आधी लाल गेलं, मग पिवळं गेलं. चौथ्या दिवशी दुपारी उन्हात बघितलं तर काही नाही. बोट फिरवलं, काही नाही. संध्याकाळी पोरगा दोन भाकरी जेवला.

आमच्याकडं थंडीत दव पडतं ते बादलीनं ओतल्यासारखं पडतं. सकाळी मी दात घासत अंगणात आले. गाडी बाहेर होती. सगळ्या पाठीवर दवाचा बारीक पांढरा थर होता आणि त्यात ती अक्षरं उठली होती. तेवढ्याच जागी दव बसलं नव्हतं. कुणी बोटानं लिहावीत इतकी स्पष्ट.

पोराला उठवलं. तो उघड्या अंगानंच उभा राहून बघत राहिला. ऊन आलं, दव गेलं, अक्षरं गेली. त्यानं पुन्हा घासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उठली. तिसऱ्या दिवशीही. मग पोरगा उजाडायच्या आधीच गाडी शेडमधून बाहेर काढून दवात उभी करायला लागला, जातात का बघायला.

एकदा घासता घासता म्हणाला, "माय, तुझं माहेरचं नाव काय होतं गं?"

पंचावन्न वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

"काम कर," मी म्हणाले.

"सांग की."

"हात थांबवू नको. पॉलिश वाळायलंय."

मॅडम अकराला येणार होती. अकराला दव नसतं. मी म्हणाले, "गप बस. तिला दवात कोण उभी करतंय?" त्यालाही ते पटलं होतं, पण त्या सकाळीही सवयीनं त्यानं गाडी बाहेर काढली आणि आंघोळीला गेला. सात वाजता दारात मालकाची गाडी थांबली. मॅडमला लातूरला जायचं होतं, म्हणून तिनं वेळ अलीकडं घेतली होती.

मी बघितलं. डिक्कीवर अक्षरं होती. ते दोघं गाडीतून उतरत होते. शेडमध्ये फडकी होती, पण तिथवर जायला वेळ नव्हता. मी पदर घेतला आणि डिक्की पुसली. डावीकडून उजवीकडं, सगळी. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं नाव पुसत होते, आणि सांगते ते खरं सांगते, मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून भीती वाटते.

"आजी, साडी ओली झाली तुमची," मॅडम म्हणाली. तिशीची असेल. काळा कोट.

"वाळंल."

मालक माझ्याकडं डोळे वटारून बघत होता. घरात बसायचं ठरलं होतं.

मॅडमनं गाडी चहूबाजूंनी बघितली, वाकून, फोटो काढत. बोट फिरवलं. "छान झालंय," म्हणाली. मालकाचे खांदे सैल झाले. तेवढ्यात पोरगा ओल्या केसांनी बाहेर आला. त्यानं डिक्की बघितली, माझा पदर बघितला. मी मानेनं नाही म्हणाले. सरळ नाही म्हणाले.

"म्याडम," तो म्हणाला, "छान न्हाई झालं. मायनं आत्ता पुसलंय. दवात नाव दिसतं."

मालक म्हणाला, "अरे, काय बोलायलास तू?"

"खरं बोलायलोय. उद्या गिऱ्हाईक हिवाळ्यात गाडी बाहेर लावंल अन् मालकाला शिव्या दील."

मॅडम डिक्कीजवळ गेली. खाली वाकली, आणि पोरं आरशावर करतात तसं त्या पत्र्यावर तोंडानं 'हा' केलं. अक्षरं उठली. ती जरा मागं सरकली. शिकलेली बाई, पण मागं सरकली. मग दुसऱ्या जागी पुन्हा 'हा' केलं. पुढची दोन उठली.

"बापरे," ती हळूच म्हणाली.

"बोनेट उघडू का?" पोरानं विचारलं. "आत तर पाण्याच्या टाकीपासून बॅटरीपर्यंत एकूणएक भागावर हेच नाव हाय. ते कसं काढायचं?"

"आतलं राहू द्या. आतलं कुणी बघत नाही."

"आमी बघतो की," पोरगा म्हणाला. "आमचं कामच आतलं बघायचं."

ती हसली नाही. तिनं त्या पत्र्याचा आणखी एक फोटो काढला. मग मालकाला म्हणाली, "ह्यांनी सांगितलं नसतं तर मी पास करून गेले असते. आणि पहिल्याच गाडीवर आमची शोभा झाली असती. डिक्कीचं झाकण कारखान्यातून नवं मागवते, कोरं. आणि काम ह्यांनाच द्या."

मालकानं मान हलवली. जाताना पोराच्या पाठीवर थाप मारली, मला मात्र नमस्कार केला नाही.

ते गेल्यावर पोरगा माझ्याजवळ बाजेवर बसला.

"का पुसलंस?"

"तुझ्यासाठी."

"मी सांगितलं होतं का?"

मी ओला पदर पिळला. फक्त त्याच्यासाठी पुसलं नव्हतं, हे मला माहीत होतं. त्याला किती माहीत होतं ते मी विचारलं नाही.

दहा-बारा दिवसांनी नवं झाकण आलं. पोरानं बसवलं, त्यावर नव्या नावाचा बारीक बिल्ला चिकटवला. दोन सकाळी दवात उभी करून बघितली. कोरी राहिली. मग गाडी परभणीला गेली. आता दोन्ही दुकानांचं काम येतं, हाताखाली पुन्हा एक माणूस ठेवलाय.

जुनं झाकण शेडच्या भिंतीला टेकून आहे. पोरगा म्हणाला, "भंगारवाला आला की देऊन टाक." भंगारवाला दोनदा येऊन गेला. मी त्याला पत्र्याचे डबे दिले, मोडकी सायकल दिली. पहाटे मी बाहेर येते, तेव्हा झाकणावर दव बसलेलं असतं आणि नाव उठलेलं असतं. मी पुसत नाही. ऊन येईपर्यंत तिथं उभी राहते, मग चूल पेटवायला आत जाते.