शून्यकाकू

काकूंचं काम ऐकलं की लोक आधी हसत, मग असल्या कामाचा पगार मिळतो का, असं विचारत. मिळायचा. कचेरीत खिडकीजवळच्या टेबलावर त्यांचा संगणक. पडद्यावर वरती कुणा अनोळखी माणसाने शोधयंत्राला विचारलेला प्रश्न यायचा आणि खाली यंत्राने हुडकून आणलेलं उत्तर. उत्तर प्रश्नाला धरून आहे का, एवढं पाहून काकूंनी शून्य ते तीन गुण द्यायचे. त्यावरून म्हणे यंत्र शहाणं होणार होतं.

गुण देताना काकूंचा हात भलताच आखडता. गळका नळ दुरुस्त कसा करावा, असं कुणी विचारलं आणि यंत्राने नळांची दुकानं दाखवली, की शून्य. शेजारच्या टेबलावरचा सहकारी गयावया करायचा, की बिचाऱ्याला वायसरच हवा असेल, द्या एखादा गुण. काकूंचं आपलं एकच, विचारलंय काय आणि सांगतोय काय! कचेरीने त्यांचं नाव शून्यकाकू ठेवलं, तर ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं.

घरीही तेच. दूध आणलंत का, असं विचारल्यावर नवरा दुकानातल्या गर्दीची हकिगत सांगू लागला, की त्याच्या पदरात शून्य. तो बापडा गुणांची आशा सोडूनच संसार करत होता.

लेकीने मात्र उत्तर न देताच घर सोडलं. चांगली नोकरी टाकून ती दुसऱ्या शहरात मातीची भांडी घडवायला शिकायला निघाली, तेव्हा काकू तिला नको नको ते बोलल्या होत्या. त्यानंतर तिचा फोन नाही. काकू वरून ताठ, पण आतून पार खचलेल्या. आणि एका रविवारी लेकीचा संदेश आला: लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुवायचा की गार?

काकूंनी लगेच लिहिलं, "गार." एका शब्दात तीनपैकी तीन! दिवसभर त्या खुशीत होत्या. पुढचा प्रश्न येईल म्हणून फोन उशाशी घेऊन झोपू लागल्या. आठवडा गेला, प्रश्न काही आला नाही. शेवटी न राहवून त्यांनी नवऱ्याला संदेश दाखवला आणि माझं काय चुकलं ते सांगा म्हणाल्या.

नवऱ्याने चष्मा लावून तो वाचला आणि उठून कपाट उघडलं.

"अगं, तिचे स्वेटर तर सगळे इथेच आहेत," तो म्हणाला. "मग ती धुणार आहे तरी काय?"

काकूंनी फोन परत हातात घेतला. प्रश्न त्यांनी अक्षरन् अक्षर वाचला होता, पण तो कोण विचारतंय आणि का, इकडे बघितलंच नव्हतं. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

मग त्यांनी लिहिलं, "तुझे स्वेटर इथे आहेत. मी फार बोलले, चुकलं माझं. घेऊन येऊ का?"

लेकीचं उत्तर आलं. "खोलीत खुर्च्या दोनच आहेत. मी खाली बसेन."

यात ती हो म्हणतेय की नाही, ते नवरा चष्मा पुसून पुन्हा वाचू लागला. काकू केव्हाच चपला शोधायला गेल्या होत्या.