सप्रेम भेट, दादाकडून

लग्नात बापाने मला कपाट दिलं होतं. लोखंडी, हिरवं, दारावर आरसा. ते मी एकूण अकरा दिवस वापरलं. बाराव्या दिवशी आम्ही सुरतेला निघालो तेव्हा जाऊ म्हणाली, एका खोलीत ठेवशील कुठं, राहू दे इथंच, तुझंच आहे. 'तुझंच आहे' हे दोन शब्द त्या घरात फार स्वस्त होते. पुढच्या वेळी गावी गेले तर कपाटात जावेची लुगडी आणि तिच्या पोरांची पुस्तकं होती.

पांडेसऱ्यात आमची एक खोली आणि मागे उभं राहण्यापुरतं स्वयंपाकघर. नवरा डाइंगच्या कारखान्यात. घरात सासू आणि लग्नाला आलेली नणंद. माझ्या साड्या, डोरल्याशिवायचे दोन दागिने आणि माहेरची पत्रं सासूच्या खाटेखालच्या पेटीत असायची, आणि पेटीची किल्ली तिच्या कमरेला. साडी बदलायची म्हटलं तरी हात पसरायचा. पत्रं तर मला मिळायच्या आधीच फोडलेली असत. सासूला वाचता येत नव्हतं, पण नणंद सातवी शिकलेली होती. आईने लिहिलेलं माझ्याआधी त्या दोघींना कळायचं. खरं सांगायचं तर मला कपाट नकोच होतं. मला कुलूप हवं होतं.

प्लेगने सुरत रिकामी केली आणि पुन्हा भरली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. जुन्या शहरातली घरं पाडून तिथे अपार्टमेंट उभी राहत होती आणि त्या घरांमधलं लाकूड चौकातल्या शनिवारीच्या बाजारात येऊन पडायचं. तिथे मला ते दिसलं. सागाचं, दोन दारांचं, आत कुलपाचा खण. मागची फळी वाळवीने खाल्लेली, आरसा गेलेला, एक दार बिजागरीतून लोंबतंय, आणि अंगावर तीन थर ऑइलपेंट, वरचा पोपटी. विकणाऱ्यालाही त्याची लाज वाटत होती. "बेन, लई जाव ने. लाकडुं सागनुं छे," घेऊन जा, लाकूड सागाचं आहे, एवढंच तो परत परत म्हणत होता.

नवऱ्याला मी हळूच म्हटलं, घेऊ या का. तो एरवी पोह्यांत शेंगदाणे जास्त पडले तरी हिशेब विचारणारा माणूस. पण त्याने कपाटाभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खण उघडून पाहिला आणि म्हणाला, "ले. तुनासाठेच ले." घे, तुझ्यासाठीच घे. मला रडू यायचं बाकी होतं. हातलारीमागून घरापर्यंत चालत आले, पाय दुखल्याचं आठवत नाही.

सासूने दारातच विचारलं, "तुले काय करनं कपाटनं? तुना लुगडा शेतस कितला?" नवरा म्हणाला, "राहू दे ना माय." त्याने माझी बाजू घेतली, याचंच मला केवढं अप्रूप. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. माझी गाय तेव्हाच चोरीला गेली होती, मी मात्र चारा घालत बसले होते.

चार महिने मी त्या कपाटाला दिले. दुपारचं जेवण आटोपलं की ते ओढून दारापुढच्या ओट्यावर काढायचं. माझे वडील सुतार नव्हते, पण गावात सुताराच्या शेजारी राहिलेली मुलगी मी, बघून बघून हात शिकतात. आधी पोपटी रंग काचेच्या तुकड्याने खरवडला. त्याखाली निळा, निळ्याखाली विटकरी. विटकरीखाली लाकूड दिसलं तेव्हा नणंद ओरडली, "वहिनी, आतून गोरं निंघनं!" तीही माझ्यासोबत बसायची. एका बाजूने मी पॉलिश पेपर घासायचे, दुसऱ्या बाजूने ती. तिचे हात माझ्यापेक्षा हलके होते, कोपऱ्यातल्या नक्षीत तिची बोटं बरोबर शिरायची. घासता घासता ती मला आपलं सगळं सांगायची, कोणत्या मुलाने पाहून नकार दिला, कोणाच्या आईने तिचे दात मोजल्यासारखे पाहिले. माझी पत्रं वाचणारी हीच, हे मी त्या दुपारी विसरून जायचे.

वाळवीची भोकं रॉकेलने धुतली. मागची फळी टाकून दिली आणि साड्यांच्या पार्सलची लाकडी खोकी फोडून त्यांच्या पट्ट्या जोडून नवी केली. दोन मुठी गेल्या होत्या, तिथे लूमवरच्या लाकडी बॉबिनचे तुकडे कापून बसवले. त्या इतक्या शोभल्या की शेजारणी हात लावून बघायच्या. आतून अस्तर हवं म्हणून नवऱ्याने कारखान्यातून रंग फुटलेलं कापड आणलं, गुलाबी, मध्येच ढगासारखे पांढरे डाग. मैद्याच्या खळीत मोरचूद घालून ते चिकटवलं, म्हणजे किडा लागत नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून जुन्या धोतराच्या बोळ्याने पॉलिशचे सात हात दिले. प्रत्येक हातानंतर एक दिवस वाळवायचं. शेवटी आरसा आला आणि सगळ्यात शेवटी कुलूप, पितळी, दोन किल्ल्यांचं. एक किल्ली मी मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवून पाहिली. मग काढून ठेवली, कपाटात माझ्या साड्या लागेपर्यंत घालायची नाही असं ठरवलं.

पॉलिश करताना नवरा एकदा म्हणाला होता, आरशाच्या वरची पट्टी कोरी ठेव, तिला लाख लावू नको. मी विचारलं कशाला, तर हसला. मला वाटलं, माझं नाव घालणार. माणूस बोलत नाही, पण मनात असतं त्याच्या, असं मी स्वतःलाच समजावलं. आमच्याकडे आंदणाच्या हर एक वस्तूवर देणाऱ्याचं नाव असतं, घागरीपासून पंख्यापर्यंत. हे मी जन्मापासून वाचत आले होते. तरी ती कोरी पट्टी बघून मला आंदण आठवलं नाही. इतकी मी खुळी.

नणंदेचं लग्न ठरलं पलसाण्याला. हळदीच्या दोन दिवस आधी भर दुपारी नवरा लाल रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेऊन आला. "अक्षर तुनं चांगलं शे. तूच लिखी टाक." काय लिहू, मी विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सप्रेम भेट, दादा-वहिनीकडून."

मला कळायला वेळ लागला. सासू खाटेवर बसून तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. म्हणजे तिला ठाऊक होतं. नणंद दाराच्या चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मी तिला विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "वहिनी, पहिलाच दिनपासून. पण मी सांगाव तर तू मन लायी करती नसती." मन लावून केलं नसतंस. चार महिने समोरासमोर बसून तिने हे पोटात ठेवलं होतं.

मी भांडले नाही. भांडले असते तर लग्नाच्या घरात तमाशा केला म्हणून सात गावांत नाव निघालं असतं, माझंच. मी ब्रश घेतला. सप्रेम भेट, लिहिलं. स्वल्पविराम दिला. मग लिहिलं, दादाकडून. आणि ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. नवरा म्हणाला, वहिनी राहिली. मी म्हटलं, राहू दे. मी दिलेलं नाही, तर माझं नाव कसं घालू?

लग्नाच्या दिवशी मंडपात आंदण मांडलं आणि रीतीप्रमाणे एकाने माइक घेऊन एकेक वस्तू वाचायला सुरुवात केली. कपाटाला माणसांनी गर्दी केली. नवरा सांगत होता, उधन्याच्या शोरूममधून आणलं. माइकवर आलं, 'सप्रेम भेट, दादाकडून'. मुलाची आई पुढे आली, पट्टीजवळ डोळे नेऊन पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दादानं नाव शे, वहिनीनं का बरं नही?"

सगळा मंडप माझ्याकडे वळला. एक वाक्य बोलले असते, हे शोरूमचं नाही, शनिवारीचं आहे, माझ्या हातचं आहे, तर नणंदेची मान सासरी कायमची खाली गेली असती. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी तिच्याकडे पाहिलं. हळदीने पिवळे झालेले तेच हलके हात. ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला जे पटकन सुचतं ते ती बोलली, "तिनाजोडे काय शे देवाले?"

तिच्याजवळ काय आहे द्यायला. लोक हसले. मुलाच्या आईचं समाधान झालं आणि माइकवाला पंख्याकडे वळला. मी मांडवाच्या मागे जाऊन पाणी प्यायले. नवऱ्याने कपाट दिलं याचा राग होता, पण रागाला निदान धरायला जागा असते. या पोरीच्या वाक्याला कुठून धरायचं तेच मला कळेना. आजही कळत नाही.

पुढे तीनेक महिन्यांनी नवरा शनिवारीहून आणखी एक कपाट घेऊन आला. लहान, एका दाराचं, शिसवीचं. ओट्यावर ठेवून आईची शपथ घेत म्हणाला, "हाई तुनंच. मायनी आन." सोबत पॉलिश पेपरही आणला होता, किल्ल्या माझ्या हातात दिल्या. त्याचा आवाज मऊ होता आणि डोळे खरे वाटत होते. मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात गेल्यावर मी कुऱ्हाड घेतली. शिसवी चिवट असते, दुपार गेली. मग रोज थोडं थोडं करून ते बंबात घातलं. आठवडाभर घरात सगळ्यांना कढत पाणी मिळालं, नवऱ्यालाही. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. ते खरंच माझं होतं की कोणाच्या तरी पुढच्या लग्नाचं, हे मला कधीच कळलं नाही, आणि ते कळण्याची वाट बघायची ताकद माझ्यात उरली नव्हती.