काचघराबाहेरचे चार दिवस

"बाहेरची होतीस आणि तरी आत शिरलीस. खरं की नाही?"

तात्यासाहेबांनी हे भर अंगणात विचारलं. नऊ माळी, एक कारकून, इंदूरहून आलेले नवे साहेब. सगळे पुरुष. माझ्या विटाळाची चौकशी चालली होती आणि मी अंगठ्याने माती उकरत उभी. समोर फुलकोबीच्या रोपांची खोकी. सगळी करपलेली.

मी साताऱ्याकडची. चौथीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्यामागे ग्वाल्हेरला आले. तो दरबारच्या फौजेत शिपाई, बिऱ्हाड शिंदे की छावनीत. संस्थान विलीन झालं, फौज मोडली. तो काम शोधायला गेला तो गेलाच. पत्रसुद्धा नाही. तात्यासाहेब बागेचे अधिकारी. "देशावरची पोर आहे, उपाशी मरायला नको," म्हणून त्यांनी मला काचघरात लावलं. सकाळी देवाच्या आधी मी त्यांचं नाव घ्यायचे.

काचघरात थंडीत ऊब धरायची, उन्हाळ्यात लू, ती भाजणारी झळ, अडवायची. दारांना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, त्या दुपारभर पाणी मारून ओल्या ठेवायच्या. तापमापक वाचायला मी बघून बघून शिकले. दिवसातून तीनदा आकडा कोळशाने भिंतीवर लिहायचे. कितीवर रोप मान टाकतं ते मला पाठ झालं. विचारत कोणीच नव्हतं.

पण महिन्याचे चार दिवस आत पाय ठेवायचा नाही. सावलीने रोप जळतं म्हणे. तेव्हा माझं खुरपं दाराबाहेर पालथं ठेवायचं, म्हणजे सगळ्यांना कळावं. मुखिया माळी ओरडायचा, "लो भाई, महारानी की छुट्टी लग गई!" सगळे हसायचे. मीही हसायचे. त्या हसण्याची आज लाज वाटते.

मग बाग नव्या सरकारच्या खात्यात जाणार असं ठरलं. कोणाला ठेवायचं याची यादी होणार होती. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. काढलं तर जाऊ कुठे? म्हणून त्या ज्येष्ठात मी नियम काटेकोर पाळला. चार दिवस बाहेर छपरीत खस विणत बसले. दुसऱ्या दुपारी लू सुटली. मुखिया आणि त्याची माणसं कडुलिंबाखाली आडवी. ताट्या वाळलेल्या मला दिसत होत्या. मी हाक मारली. "छूत लेकर इधर मत आ," म्हणाला आणि कूस बदलली. मी दारापर्यंत गेले. हात पुढे केला. आणि परत येऊन बसले. आत रोपं मरत होती, बाहेर मी शहाण्यासारखी वागत होते.

आणि आता हे अंगण. तात्यासाहेब जवळ आले, आवाज मऊ केला. "पोरी, कबूल कर. अजाणता झालं म्हणू. यादीत तुझं नाव राहील, माझा शब्द."

मी हो म्हणणार होते. खरंच. पण कारकुनाने माझा होकार आधीच लिहून ठेवला होता. चौथीपर्यंतचं वाचता येतं मला. लिहिलं होतं, 'स्त्रीच्या विटाळामुळे रोपे मृत.' हे सरकारी कागदात जाणार. उद्या दुसरी कोणी बाई काचघरात काम मागायला आली की तिच्यापुढे हाच कागद धरणार.

"मी आत नव्हते," मी म्हटलं. "भिंत बघा. चार दिवस कोरी आहे."

"झूठ बोलती है!" मुखिया.

"आणि आत असल्याने रोप जळतही नाही. पौषात, माघात मी सांगितलंच नव्हतं. गारठ्यात काचा कोण लावणार, शेगडी कोण पेटवणार? बाहेरची असूनच आत होते. तेव्हाचीच वांग्याची रोपं आता वाफ्यात लगडलीत. तात्यासाहेब, परवा टोपलीभर वांगी तुमच्या घरी गेली. भरताचा नैवेद्य दाखवून जेवलात तुम्ही."

तात्यासाहेबांनी पाठ फिरवली. "कृतघ्न," एवढंच म्हणाले. नव्या साहेबांनी भिंत पाहिली, घड्याळ पाहिलं. "यादी उद्या बघू."

यादी लागली. मुखिया कायम. मी सगळ्यांत खाली, हंगामी.

घरी मी रडले, खोटं का सांगू. तात्यासाहेबांनी भाकरी दिली हे खरंच आहे. ते ऋण मी कामाने फेडीन. अंगाच्या लाजेने नाही.

पुढच्या महिन्यात मी काचघराशी गेले तर मुखिया दारात आडवा. "आज कौन सा दिन है तेरा?"

"पहला. हट जाओ."

तो हटला नाही. मी त्याच्या खांद्याला खांदा घासून आत गेले. छूत लागली म्हणून तो आंघोळीला पळाला. पळू दे. मी महिन्याचे तीसही दिवस आत काम करणार. काढायचं तर काढा. पण कागदावर खरं कारण लिहा. मी वाचणार आहे.